डावखुऱ्या हातासाठी घडवलेला चाकू : एक प्रकरण अभ्यास

परिस्थिती

दादरच्या एका जुन्या इमारतीचा पुनर्विकास मार्गी लागला आणि रहिवाशांनी घरं रिकामी करायला घेतली. दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरात पत्र्याच्या ट्रंकेच्या तळाशी चामड्याच्या म्यानातला एक चाकू निघाला. घराचे कर्ते मरीन इंजिनियर होते. उमेदीची वर्षं व्यापारी जहाजांवर गेली, निवृत्तीनंतर काही वर्षांनी ते वारले. वयाने मोठे म्हणून मी त्यांना दादा म्हणत असे. घरात आता वहिनी, मुलगा, सून आणि नात. नात पवईच्या आयआयटीतल्या आयडीसीत डिझाइन शिकते.

म्यानाबरोबर पोस्टकार्डाहून लहान असं एक कार्ड होतं. त्यावर अमेरिकेतल्या एका कारागिराचं नाव, १९८६ हे साल, पोलाद डी-२ आणि पातं ४ इंच, एवढंच टाइप केलेलं. मूठ कशाची, किंमत किती, कोणासाठी केला, यातलं काही नाही. वहिनींना आठवत होतं ते असं: ह्यूस्टनला जहाज बरेच दिवस अडकून पडलं होतं, तेव्हा तिथल्या एका सहकाऱ्याच्या ओळखीने दादांनी चाकू करवून घेतला, आणि मूठ सांबराच्या शिंगाची आहे असं ते एकदा म्हणाले होते. नंतर तो कधी ट्रंकेबाहेर आलाच नाही. पात्यावर तांबूस-काळे ठिपके पडले होते आणि पितळी गार्डवर, म्हणजे पातं आणि मूठ यांच्यामधल्या आडपट्टीवर, हिरवा थर चढला होता.

घरात तीन मतं पडली. मुलाने अमेरिकेतल्या लिलावांचे आकडे पाहिले होते. चाकू भांड्यांना पॉलिश करणाऱ्याकडून बफिंग करून, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर घासून, चकचकीत करायचा आणि 'सांबरशिंगाची मूठ' असं लिहून ऑनलाइन विकायचा, असा त्याचा बेत. जाहिरातीसाठी फोटोही काढून झाले होते. वहिनी माळकरी. शिकारीचं हत्यार नव्या घरात न्यायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, पण दादांची वस्तू भंगारवाल्याच्या हातात द्यायलाही मन तयार नव्हतं. नातीला तो हवा होता. का हवा, हे तिला नीट सांगता येत नव्हतं.

मी आयुष्यभर टूलरूममध्ये डाय आणि पंच, म्हणजे पत्रा कापायचे नि दाबायचे पोलादी साचे, बनवले. डी-२ हे आमचं रोजचं पोलाद, मुंबईच्या टूलरूममध्ये त्याला एचसीएचसीआर (हाय कार्बन, हाय क्रोमियम) म्हणतात. म्हणून वहिनींचा फोन आला. "भावोजी, पिशवीत घालून मी आणून देऊ का?" मी म्हटलं, नको वहिनी, मीच येतो, आणि तोवर त्याला कोणी हात लावू नका. विकू नका, पुसू नका, फोटो कुठे टाकू नका.

आधी कायदा

चाकू घरातून हलवू दिला नाही याला कारण होतं. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ च्या कलम ३७ खाली मुंबईत वेळोवेळी मनाई आदेश निघतात, आणि सार्वजनिक जागी चाकू बाळगणं त्यात येतं. घरात ठेवण्याचा प्रश्न वेगळा. शस्त्र नियम २०१६ मध्ये धारदार हत्यारांसाठी जी मर्यादा आहे ती ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची. हा चाकू ४ इंच लांब आणि जेमतेम २७ मिलिमीटर रुंद. तेव्हा त्या बाजूने घरच्यांना धास्ती घेण्यासारखं काही नव्हतं.

खरी धास्ती मुठीची होती. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे सांबराचं शिंग, मग ते जंगलात आपोआप गळून पडलेलं का असेना, विकता येत नाही, आणि बाळगायलाही मालकीचं प्रमाणपत्र लागतं. मुलाने जाहिरात टाकली असती तर त्याने स्वतःच्या हाताने स्वतःविरुद्धचा पुरावा लिहून दिला असता. अमेरिकेत शिकारी चाकूंच्या मुठींना पूर्वी भारतातलंच सांबरशिंग फार वापरलं जाई. ते घट्ट असतं, आतला पोकळ गर कमी, म्हणून तिकडच्या कारागिरांची त्यावर भारी मर्जी. भारताने निर्यात बंद केली तेव्हा त्यांना दुसऱ्या गोष्टी शोधाव्या लागल्या. १९८६ चा चाकू म्हणजे दादांचं म्हणणं खरं असण्याची शक्यता होतीच.

त्यामुळे पहिली तपासणी मुठीची केली. सांबराचं शिंग म्हणजे मुळात हाडच, गळतं आणि नव्याने येतं. बाहेरचा भाग घट्ट, आतला स्पंजासारखा सच्छिद्र. मुठीच्या फळ्या कापल्या की कडेला किंवा बुडाशी तो सच्छिद्र भाग बहुधा दिसतो. शिंगावरच्या खाचा लांबीच्या दिशेने धावतात आणि एकीसारखी दुसरी नसते. दहापट भिंगाखाली या मुठीवर दिसलं ते वेगळं. खाचा वरवर ओबडधोबड, पण प्रत्येकीची रुंदी तीच आणि दोन्ही टोकं सारखीच गोल, म्हणजे एकाच कटरने पाडलेल्या. तपकिरी रंग खाचांत साचलेला, आणि हात घासून झिजलेल्या जागी आत पांढरं. फळीच्या कडेला सच्छिद्र भाग कुठेच नाही. सगळीकडे एकसारखं घट्ट, मधे मधे बारीक काळसर ठिपके आणि रेषा. हे गुरांच्या नळीचं हाड, खाचा पाडून आणि रंगवून शिंगासारखं केलेलं. प्राणिशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांना घरी बोलावून दाखवलं, त्यांनीही हाडच म्हटलं.

मुलाला हायसं वाटलं. वहिनींना नाही. गुराचं हाड म्हटल्यावर त्या जागच्या उठल्या आणि हात धुऊन आल्या. "ह्यांना माहीत असणार. मला बरं वाटावं म्हणून सांबर म्हणाले असतील." त्यांच्यापुढे मी गोष्ट गुळमुळीत करून मांडली नाही. ज्या घरात वस्तू राहणार त्या घराला ती कशाची आहे हे ठाऊक असलं पाहिजे.

पातं काय सांगतं

शिकारी चाकू म्हटला की मुंबईच्या माणसासमोर सिनेमातला दातेरी, हातभर लांब सुरा येतो. खऱ्या शिकाऱ्याच्या कमरेचा चाकू लहान असतो. अमेरिकेत परवाना काढून, ठरल्या मोसमात हरणाची शिकार होते. जनावर पडल्यावर त्याचं पोट उघडून आतडी काढायची आणि कातडं सोलायचं, यासाठी हा चाकू. पोट उघडताना टोक आत रुतलं आणि आतडं फाटलं तर मांस नासतं. म्हणून या पात्याची पाठ टोकाकडे हळूच खाली उतरते आणि टोक मधल्या रेषेच्या जवळ येतं. धारेला पुढे पोटासारखा फुगवटा, म्हणजे कातडं सोलताना मनगट न वळवता लांब चीर घेता येते. या आकाराला तिकडे ड्रॉप पॉइंट म्हणतात.

तो लोकप्रिय केला बॉब लव्हलेस या कारागिराने (१९२९–२०१०). त्याची सुरुवात दादांना आवडली असती. तो व्यापारी जहाजावर काम करत होता. १९५० च्या दशकात न्यू यॉर्कच्या एका दुकानात रँडल या नावाजलेल्या कारागिराचा चाकू घ्यायला गेला, तर महिनोन्‌महिने थांबावं लागेल असं कळलं. मग त्याने जुन्या मोटारीच्या स्प्रिंगमधून स्वतःच एक घडवला. पुढे १९७० मध्ये तिकडच्या हातघडणीच्या कारागिरांनी आपला संघ उभा केला, त्यात तो पुढे होता. आपल्या चाकूवरचं नाव लव्हलेसचं नाही. पण दादांचा कारागीर त्याच वाटेने चाललेला होता हे पाठीच्या त्या उतारावरून स्पष्ट दिसत होतं.

मायक्रोमीटर लावला. गार्डपाशी पाठीची जाडी ४.० मिलिमीटर, मध्यावर ३.१, आणि टोकाकडे जाताना सतत कमी होत गेलेली. कुठेही पायरी नाही, कुठेही अचानक बारीक होणं नाही. आता हे लक्षात घ्यायला हवं की असं पातं बेल्ट ग्राइंडरवर दोन्ही हातांत धरून घासलेलं असतं. जिगमध्ये, म्हणजे पकडून ठेवणाऱ्या साच्यात, आवळलेलं नसतं. डाव्या बाजूने जितकं घासलं तितकंच उजव्या बाजूने, आणि तेही डोळ्यांच्या अंदाजाने. तेवढी अचूकता आणायला आम्हाला सरफेस ग्राइंडरसारखं मशीन आणि त्यावर मापाची डायल लागते. या माणसाने ती मनगटातून आणली.

पात्याच्या दोन्ही अंगांना पाठीकडून धारेकडे जाणारे उतार सपाट नाहीत, किंचित खोलगट आहेत. ग्राइंडरच्या मोठ्या रबरी चाकावर घासलं की ते असे होतात. इथे नातीने एक गोष्ट केली ती मला फार आवडली. स्टीलची पट्टी उताराला आडवी लावून तिने खोलगटपणा मोजून घेतला. उताराची रुंदी २० मिलिमीटर, मध्यावरची खोली ०.४ च्या आसपास. रुंदीचा वर्ग भागिले आठपट खोली म्हणजे त्रिज्या, हे तिने वहीत मांडलं. त्रिज्या आली १२५ मिलिमीटर. म्हणजे चाक १० इंची. चाळीस वर्षांपूर्वी एका परक्या गावच्या कारखान्यात कोणत्या मापाचं चाक फिरत होतं, ते दादरच्या जेवणाच्या टेबलावर कळलं. दुसऱ्या बाजूचं मापही तिने घेतलं, आकडा तोच.

खोलगट उताराचं एक वैशिष्ट्य असं की धारेमागचं पोलाद बराच वर जाईपर्यंत पातळ राहतं. वारंवार धार लावली तरी चाकू लवकर बोथट वाटत नाही. त्याची किंमत म्हणजे धार नाजूक, हाडावर मारली तर तुकडा उडेल. कातडं सोलायला हे गणित चांगलं, लाकूड फोडायला वाईट. कारागिराने आधी काम ठरवलं आणि मग चाक निवडलं.

उतार जिथे सुरू होतो, गार्डच्या जरा पुढे, तिथे पात्याच्या दोन्ही अंगांना एक उभी रेघ असते. दोन्ही रेघा समोरासमोर येणं ही अशा चाकूची कठीण परीक्षा. पाठीवरून सरळ खाली पाहिलं तर या चाकूत डावी रेघ उजवीच्या पुढे आहे, ०.३ मिलिमीटरने. मुलगा म्हणाला, "म्हणजे खोट आहे." आहेच. डायमध्ये मी ती चालवून घेतली नसती. पण ती रेघ एकदा चुकली की सारखी करायला दुसऱ्या बाजूचं पोलाद आणखी खावं लागतं, मग पहिली मागे पडते, आणि असं करत करत पातं वाया जातं. या माणसाला थांबायचं कुठे ते कळलं. माझ्या मते पूर्ण चाकूत त्याची पारख सगळ्यात जास्त या जागी दिसते.

मुठीत लपलेलं काम

पात्याचा जो भाग मुठीत जातो त्याला टँग म्हणतात. इथे तो मुठीच्या पूर्ण लांबीचा आहे, दोन्ही बाजूंनी हाडाच्या फळ्या बसवलेल्या. बुडाशी पाहिलं तर टँगची जाडी फक्त दीड मिलिमीटर. गार्डपाशी चार, बुडाशी दीड. म्हणजे जो भाग कोणाला दिसणार नाही तोही त्याने निमुळता घासला. फायदा वजनाचा: मूठ हलकी होते, तोल पुढे सरकतो आणि चाकू पहिल्या बोटाखाली येऊन टेकतो. हाताला तो लहान वाटतो.

निमुळता टँग करणं कठीण का, तर फळ्या त्याला चिकटून बसल्या पाहिजेत. लांब पट्टी दोन्ही बाजूंनी निमुळती घासताना मधे जरा फुगीर राहिली की फळी डुगडुगते आणि कडेला फट पडते. म्हणून जाणते कारागीर टँगचा मधला भाग किंचित खोल घासतात आणि कडा तेवढ्या सपाट ठेवतात, की फळी कडेवर घट्ट बसावी. मी फट मोजायच्या फिलर गेजचं सगळ्यात पातळ पान, ०.०३ मिलिमीटरचं, मुठीच्या सगळ्या कडेने फिरवून पाहिलं. ते एका ठिकाणीही आत गेलं नाही. मुंबईचे इतके पावसाळे झाले, हाड ओलाव्याने फुगलं असेल, उन्हाळ्यात आकसलं असेल, तरी सांधा उघडला नाही. गार्ड आणि हाड जिथे भेटतात तिथेही तसंच. अशा वस्तूंची पारख चकाकीवरून करू नका असं मी सगळ्यांना सांगतो. दोन वेगवेगळे पदार्थ जिथे एकमेकांना भिडतात तिथे भिंग लावा, तिथे कारागिराला काही झाकता येत नाही.

आणि मग म्यान. मी ते कमरेला लावून पाहिलं तर अवघडलं. पट्ट्याचं घर उलट्या अंगाला शिवलेलं होतं. म्यान डाव्या कमरेचं. मग पात्याकडे पुन्हा पाहिलं. कारागिराची खूण सहसा पात्याच्या डाव्या अंगाला असते, उजव्या हाताने धरल्यावर दिसेल अशी. इथे ती उजव्या अंगाला. मी वहिनींना विचारलं, दादा लिहायचे कोणत्या हाताने? "लिहायचे उजव्याने, शाळेत मास्तरांनी मारून मारून लावलेलं. बाकी सगळं डाव्याने. पाना धरायचे तोही डाव्या हाताने."

ही सगळी माहिती कार्डावर नव्हती, चाकूवर होती. दादांनी तो दुकानातून उचलला नव्हता. कोणीतरी त्यांचा हात पाहून, कदाचित एखादं अवजार हातात देऊन, तो कसा धरतात हे बघून बनवला होता. मूठही मोजली तर अमेरिकी हाताच्या मानाने आखूड. नातीने डाव्या हातात धरला. तीही डावखुरी आहे, हे मला तेव्हाच कळलं.

मुलाचा प्रश्न

मुलगा हट्टी नाही, हिशोबी आहे, आणि त्याचा प्रश्न रास्त होता. "काका, ऑनलाइन दोन हजारात दमास्कसचा हॅण्डमेड हंटिंग नाइफ मिळतो. पात्यावर लाटालाटांची नक्षी असते. हा तर साधा राखाडी आहे. याचं एवढं काय?"

नक्षीचं सांगायला हवं, कारण त्यात मुंबईचंही नाव गुंतलेलं आहे. पूर्वीच्या दमिष्की तलवारींचं पोलाद भारतातून जात असे. मुशीत वितळवून केलेल्या त्या पोलादाला युरोपात वूट्झ म्हणत. १७९० च्या दशकात मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीकडे पाठवले, आणि १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर निबंध वाचला. निबंधाच्या मथळ्यात ते पोलाद मुंबईत बनतं असं लिहिलेलं आहे, जरी त्याच्या भट्ट्या दक्षिणेत होत्या आणि मुंबई होती ती बंदर म्हणून. त्या पोलादाची नक्षी आतल्या कार्बाइडच्या, म्हणजे कार्बन आणि धातूच्या कडक संयुगाच्या, कणांच्या रांगांमुळे दिसते. आज जे दमास्कस म्हणून विकलं जातं ते वेगळं: दोन प्रकारच्या पोलादाचे थर तापवून, ठोकून जोडायचे, दुमडायचे आणि शेवटी आम्लात बुडवून थर उठवायचे. बिल मोरान या अमेरिकी लोहाराने १९७३ मध्ये असे चाकू प्रदर्शनात मांडले आणि ती कला तिकडे पुन्हा चालू झाली. १९७६ मध्ये तिथे लोहारांची एक सोसायटी झाली. तिच्या परीक्षेत उमेदवाराच्या एकाच पात्याने टांगलेला इंचभर जाड दोर एका घावात कापायचा, लाकडाच्या जाड पट्ट्या तोडायच्या, त्यानंतरही हातावरचे केस उतरले पाहिजेत, आणि शेवटी पातं शिकंज्यात धरून ९० अंश वाकवायचं, तुटता कामा नये. या परीक्षेत नक्षीला गुण नाहीत.

स्वस्त चाकूत नक्षी खरीही असू शकते. पण थर कोणत्या पोलादाचे, भट्टीत किती तापवले, टेंपरिंग (कडक केल्यावर ठिसूळपणा घालवायला पुन्हा हलकं तापवणं) केलं की नाही, हे नक्षी सांगत नाही. मुठीत बहुतेकदा बारीक शेपटी असते, कधी नंतर वेल्ड केलेली. पाठीवर पाहावं: नक्षी पाठीवरून आरपार गेली पाहिजे. अंगावर आहे आणि पाठीवर नाही, तर ती वरून कोरलेली.

दादांच्या चाकूचा राखाडी रंग मी मुलाला भिंगाखाली दाखवला. पात्यावर लांबीच्या दिशेने अतिशय बारीक, समांतर रेघा आहेत, गार्डपासून टोकापर्यंत अखंड. एमरी पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, हाताने, एकाच दिशेने, जाडापासून बारकापर्यंत एकेक नंबर बदलत ओढल्याच्या त्या रेघा. डी-२ वर हे काम जीव काढतं, कारण त्यात क्रोमियमचे कार्बाइड असतात आणि ते एमरीला दाद देत नाहीत. मधे कुठे आडवा ओरखडा राहिला तर पुन्हा मागच्या नंबरवर जावं लागतं. तासाभराच्या बफिंगने जे काम उरकता आलं असतं, ते त्याने हाताने केलं, कारण बफिंगने कडा गोल होतात.

पैशाबद्दलही त्याला सरळ सांगितलं. लिलावात मोठी रक्कम येते ती मोजक्या नावांना. हे नाव त्यातलं नाही. काम उत्तम आणि नाव अनोळखी, असं जगात पुष्कळ असतं.

बफिंग का नको

ठिपके गंजाचे होते, आणि ते पडले म्यानामुळे. चामडं कमावताना वापरलेली रसायनं त्यात उरतात, पावसाळ्यात चामडं दमटपणा ओढून घेतं, आणि चाकू वर्षानुवर्षं त्या ओलसर गुंडाळीत पडून राहतो. पितळेवरचा हिरवा थरही त्यातूनच. डी-२ मध्ये क्रोमियम सुमारे १२ टक्के असतं, पण कार्बनही दीड टक्का. बरंचसं क्रोमियम कार्बाइडमध्ये अडकतं आणि गंजाशी लढायला पुरेसं उरत नाही. म्हणून हे पोलाद स्टेनलेसच्या जवळ जातं, पण स्टेनलेस नाही.

बफिंग केलं असतं तर तीन गोष्टी गेल्या असत्या. हाताने ओढलेल्या रेघा पुसल्या गेल्या असत्या. उताराच्या कडा आणि त्या दोन उभ्या रेघा गोल झाल्या असत्या, म्हणजे ज्यावरून हात ओळखता येतो तेच गेलं असतं. आणि धार तापली असती. डी-२ भट्टीत सुमारे १,०१० अंशांपर्यंत तापवून नुसत्या हवेत कडक होतं, मग अशा चाकूसाठी साधारण २०० अंशांवर दोनदा टेंपर करतात. धारेची कड कागदाइतकी पातळ, बफच्या चाकावर ती क्षणात २०० च्या पुढे जाते आणि मऊ पडते. वरून दिसत काहीच नाही. शिवाय बफच्या चाकात चाकू अडकला की चाक तो हातातून हिसकावून फेकतं. भांडी पॉलिश करणाऱ्या माणसाला असं काम देऊच नये, त्याच्या जिवासाठी.

रस्त्यावर सायकलच्या चाकावर धार लावून देणाऱ्यांकडेही तो द्यायचा नाही असं ठरलं. कोरड्या चाकावर तीच तापण्याची अडचण. धार आहे तशी ठेवली. भिंगाखाली दिसतं की दादांनी ती एक-दोनदा हाताने लावली आहे, दगड ओढल्याच्या खुणा डाव्या हाताच्या कलाने गेलेल्या.

केलं ते इतकंच. पातळ मशीन ऑइल लावून रात्रभर ठेवलं. सकाळी २००० नंबरचा एमरी तेलात भिजवून, फक्त रेघांच्या दिशेने, हलक्या हाताने ओढला. वरचा सुटा गंज निघाला. खाली बारीक खड्डे राहिले, ते राहू दिले. ते घालवायचे तर सगळ्या पात्याचं पोलाद उतरवावं लागेल. पितळेवरचा हिरवा थर लाकडी काडीने खरवडला, चकाकी आणली नाही. हाडाला पाणी लावलं नाही, मेणाचा पातळ हात दिला. घरात खोबरेल लावायची सूचना आली होती. खोबरेल काही महिन्यांत चिकट होतं आणि धूळ धरतं, म्हणून नको म्हटलं. नागदेवी स्ट्रीटवरून व्हीसीआय कागद आणला, सुट्या भागांना गंज लागू नये म्हणून कारखान्यात तोच वापरतात. चाकू त्यात गुंडाळून डब्यात, सिलिका जेलची पुडी सोबत. म्यान वेगळं, सुती कापडात. दोघांना परत एकत्र ठेवायचं नाही, हे नातीच्या आईलाही नीट समजावलं, कारण आवराआवरीत असल्या गोष्टी बायकांच्याच हातून जातात आणि सूचना मात्र पुरुषांना दिल्या जातात.

काय ठरलं

मुलाने जाहिरातीचे फोटो पुसून टाकले. विकण्याचा विषय त्याने स्वतःच मिटवला. म्यानाच्या डाव्या अंगावरून वडिलांचा हात ओळखल्यावर त्याचा हिशोब बदलला असावा, मी विचारलं नाही.

वहिनींचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे आणि त्यावर वाद घालावा असं कधीच वाटलं नाही. या शहरानेही ती वाट चाललेली आहे. १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू झाली. आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन आपले. सुरुवातीच्या सभासदांत शिकारी पुष्कळ होते, जनावरांची माहिती गोळा झाली ती बरीच त्यांच्याकडून, आणि तीच संस्था पुढे संरक्षणाची मोठी आधारस्तंभ झाली. या चाकूने भारतात कोणतंही जनावर सोललं नाही, आणि सोलू नये. पण कशासाठी केला ते न बघता तो किती चांगला केला हे कळत नाही, आणि मला ते कळून घ्यायचं होतं. वहिनींनी एवढंच सांगितलं: नातीने ठेवावा, तिच्या खोलीत, देवघरापासून लांब.

नातीने त्याची मापांसह रेखाचित्रं काढायला घेतली आहेत: पाठ, दोन्ही उतार, टँग, म्यान. ती ०.३ मिलिमीटरची रेघही तिने जशी आहे तशी दाखवली आहे, सरळ करून नाही. चित्रांबरोबर एक पान ठेवायला मी सांगितलं, त्यात हाडाच्या मुठीबद्दल आणि प्राध्यापकांनी पाहिल्याबद्दल लिहायचं, म्हणजे उद्या कोणी सांबरशिंग समजून घाबरणार नाही किंवा तसं सांगून विकणार नाही. त्या पानावर कडकपणाचा रकाना कोरा आहे. रॉकवेलच्या मशीनवर तो दोन मिनिटांत कळला असता, माझ्या जुन्या टूलरूममध्ये मशीन आहे आणि मला ते वापरूही देतात. पण त्या मशीनचा हिरा १५० किलोच्या भाराने पोलादात रुततो आणि खड्डा ठेवून जातो. नातीने विचारलं, मी नको म्हटलं, तिने रकान्यात रेघ ओढली.